जिद्दीचे कौतुक पुरे

पायाने अधू असलेला मनुष्य काठी न घेता चालला, जिना चढला आणि कोणाकडे काही मागितले नाही, की आपल्या समाजाला कौतुकाचे भरते येते. 'काय जिद्द आहे!' असे म्हणून आपण मोकळे होतो. आमचे स्पष्ट म्हणणे असे की, हे कौतुक निरुपद्रवी नाही. त्यापायी माणसांच्या अंगची उरलीसुरली शक्ती खर्ची पडत आहे.

पोलिओचेच उदाहरण घ्या. या देशातील त्या रोगाचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त ठरला. रोग गेला, परंतु बालपणी त्याने गाठलेली माणसे आज पन्नाशी-साठीत आहेत आणि त्यांतील कित्येक सरकारी कचेऱ्यांत बसतात. या रोगात स्नायूंना चालना देणाऱ्या मज्जारज्जूतील पेशी मरतात. वाचलेल्या पेशी नवे फाटे फोडून पोरक्या स्नायूंचाही भार उचलतात. वीस-तीस वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ, हा संसार चालतो. मग त्या थकतात. चांगला म्हणून गणलेला पायही लटपटू लागतो. गेलेली शक्ती परत आणणारे औषध नाही. बेताचा व्यायाम, दमण्यापूर्वीच विश्रांती, नीट बेतलेले कॅलिपर, काठी, प्रसंगी चाकाची खुर्ची, यांनी आहे ते राखता येते. म्हणजे टाळ्या घेत जिना चढणारा आमचा बहाद्दर व्याजावर जगत नसून मुद्दल खात असतो.

'सवलतींनी माणूस परावलंबी होतो,' असा आक्षेप ठेवणीतला आहे. कारकुनाला चष्मा लागला तर त्याच्या जिद्दीची परीक्षा कोणी घेत नाही. मग काठीनेच काय पाप केले आहे?

त्यातून आमचे जिणे बदलीचे. पट्टा मांडीला नेमका कोठे काचतो हे जाणणारा कारागीर वर्षानुवर्षांनी लाभतो, आणि हुकूम येतो. नव्या गावी क्वार्टर तिसऱ्या मजल्यावर. पोटरी भरून येणे, पायात गोळे येणे आणि पाय ओढत चालावे लागणे ही मराठीत तीन निराळी दुखणी आहेत; परप्रांतीच्या डॉक्टरापुढे त्यांचे एकच 'पैर में दर्द' होते. दाखल्यावर तरुणपणीची टक्केवारी असते. नव्या अशक्तपणाला त्यात रकाना नाही.

कायदा मात्र आता नि:संदिग्ध आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या विसाव्या कलमाने सरकारी आस्थापनांवर वाजवी सोयी पुरविण्याचे बंधन घातले आहे आणि अशा कर्मचाऱ्यांच्या नेमणुका व बदल्या यांविषयी धोरण आखण्याची मुभा शासनाला दिली आहे. इमारती सर्वांना सुगम करण्याचे नियम केवळ सल्लावजा असून भागणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात बजावले. तरीही गाडे अडते ते दोन ठिकाणी. जिद्दी मनुष्य अर्जच करीत नाही. आणि केलाच, तर त्यावर 'अर्जदारास चालता येते' अशी टिप्पणी पडते. ती लिहिणारा हात पुष्कळदा आमच्याच वाचकांपैकी कोणाचा असतो, हे येथे सांगितलेच पाहिजे. कोणास चालता येते एवढे लिहून भागत नाही. किती पावले, किती वेदना सोसून आणि दुसऱ्या दिवशी काय शिल्लक ठेवून, हे कोणी विचारावयाचे?

परमुलुखातील आमची मराठी मंडळे तरी कोठे वेगळी आहेत? सभागृह वरच्या मजल्यावर, लिफ्टचे नाव नाही. आणि वर्षाकाठी एखाद्या अपंग बंधूला त्याच पायऱ्या चढावयास लावून शाल-श्रीफळ देतात.

म्हणून ज्यांचे पाय दुखतात त्यांनी संकोच सोडून लेखी अर्ज करावा: तळमजल्यावरील जागेसाठी, कारागिराच्या गावाजवळील नेमणुकीसाठी, नव्या तपासणीसाठी. ज्यांच्या मेजावर तो येईल त्यांनी टिप्पणी लिहिण्यापूर्वी अर्जदाराला बसावयास खुर्ची द्यावी आणि पूर्ण ऐकून घ्यावे. मंडळांनी यंदाचा सत्कार पुढे ढकलला तरी चालेल. आधी त्या पायऱ्यांना कठडा बसवावा.