नावाला जागणारे पाते

महाजालावरून वस्तू मागवणाऱ्यांची नेहमीची तक्रार अशी की, चित्रात होती तशी वस्तू हाती पडली नाही. पारंपरिक घडीच्या चाकूंबाबत ही तक्रार उलटी करून मांडावी लागते. चाकू हुबेहूब चित्रातल्यासारखाच येतो. तीच शिंगाची भासणारी मूठ, तीच पितळी टोके, पाठीवर तीच मधमाशी. मात्र पाते उघडताना उमटणारा खटका, उघडल्यावर त्याचे डुगडुगणे अथवा न डुगडुगणे, आणि आठवडाभर भाजी-फळे कापल्यानंतर शिल्लक राहिलेली धार, या तीन गोष्टींवरून चाकूची पारख होते आणि यांतली एकही गोष्ट चित्रात उमटत नाही. पडद्यावर चाकू विकला जातो तो मुख्यतः शब्दांच्या बळावर. म्हणूनच हा विषय साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी परका मानू नये, असे आम्हांस वाटते.

या विक्रीवर्णनांचा एक साचा आता पक्का झाला आहे. आरंभी एखादे दूरचे गाव, मग पिढ्यान्‌पिढ्यांचे कौशल्य, मग एखादी आख्यायिका, आणि शेवटी सवलतीची किंमत. त्यातील क्रियापदांकडे जरा लक्ष द्यावे. चाकू घडवलेला असतो, परजलेला असतो, तपासलेला असतो. पण कोणी, कुठे आणि केव्हा, याचा पत्ता लागत नाही. कर्मणी प्रयोगात कर्ता तृतीयेत का होईना, पण उभा करता येतो. या वर्णनांत तो मुळातूनच लोपलेला असतो. परंपरेचे एवढे गुणगान चाललेले असताना ती चालवणारा एकही माणूस मजकुरात नसावा, ही गोष्ट वाचकाला खटकली पाहिजे. आमच्या मते हीच फसवणुकीची पहिली खूण होय.

उदाहरणादाखल फ्रान्समधील एका चाकूची कथा पाहू. दक्षिण फ्रान्समध्ये ओब्राकच्या पठारावर बाराशे-तेराशे वस्तीचे एक गाव आहे. अक्षरे पाहून परका माणूस त्याचे नाव 'लाग्योल' असे वाचतो. गावकरी मात्र 'लायोल' म्हणतात. तिथल्या घडीच्या चाकूचा जन्म 1829 च्या सुमारास पिएर-झाँ काल्मेल या कारागिराच्या हातून झाला, असे सांगितले जाते. पठारावरच्या गुराख्यांचा आणि शेतकऱ्यांचा हा चाकू. पुढे त्या मुलखातील माणसे पॅरिसला जाऊन उपाहारगृहे चालवू लागली, आणि 1880 च्या सुमारास चाकूला बाटलीचे बूच काढणारा मळसूत्री स्क्रू जोडला गेला. मुठीवरच्या बारीक खिळ्यांचा क्रूस आणि कमानीवरची माशी या त्याच्या प्रसिद्ध खुणा. ही माशी पहिल्या नेपोलियनने बहाल केली, असे विक्रेते बिनदिक्कत लिहितात. नेपोलियन 1821 साली वारला आणि चाकूचा जन्म 1829 च्या सुमाराचा, एवढा हिशेब वाचकाने केला तरी त्या आख्यायिकेचे पाणी जोखता येते.

या गावाचे पुढे जे झाले ते नावाच्या मालकीविषयी विचार करणाऱ्या प्रत्येकाने जाणून घेण्यासारखे आहे. 1993 साली पॅरिस परिसरातील एका व्यावसायिकाने 'लायोल' हे नाव माशीच्या चिन्हासह अनेक प्रकारच्या मालासाठी नोंदवून घेतले, आणि परवाने घेतलेल्यांच्या परदेशी बनावटीच्या वस्तूंवरही ते नाव झळकू लागले. गावाने दावा लावला. 2012 साली पॅरिसच्या न्यायालयात गाव हरले, तेव्हा निषेध म्हणून गावकऱ्यांनी वेशीवरची नावाची पाटीच उतरवून ठेवली. 2014 साली अपिलातही गाव हरले. 2016 साली वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल अंशतः रद्द केला आणि 2019 साली पॅरिसच्या अपील न्यायालयाने गावाच्या बाजूने कौल दिला. स्वतःच्याच नावासाठी एका गावाला इतकी वर्षे न्यायालयांचे उंबरठे झिजवावे लागले, आणि दरम्यान त्या नावाचे चाकू जगभर विकले जात राहिले.

ग्राहकाच्या हाती पडते ते या सगळ्याचे फलित. आमच्या परिचयातील एका अध्यापकांनी अशाच एका विक्रेत्याकडून माशीचा चाकू मागवला. लाकडी पेटी देखणी होती. चाकू मिटला असता पाते मुठीच्या खाचेत मधोमध न बसता एका बाजूच्या पितळी पट्टीला घासत होते. माशी कमानीच्या पोलादातून घडवलेली नसून वेगळी ओतून वर डकवलेली होती, आणि तिच्या पायाशी डाकाचा ओघळ दिसत होता. शिंग म्हणून वर्णिलेली मूठ प्लॅस्टिकची होती. पात्याला पाणी नीट दिलेले नसावे, कारण दगडावर लावलेली धार दोन दिवसांत बसे. त्यांनी विक्रेत्याला कळवले. उत्तर आले की, हस्तकलेच्या वस्तूत असे किरकोळ फरक असायचेच. या उत्तराचा आम्हांस सर्वांत अधिक राग आला. खऱ्या कारागिराच्या हातून होणाऱ्या चुकांना समजून घ्यावे, हे रसिकाचे सौजन्य आहे. ते सौजन्य यंत्रावर घाईने काढलेल्या मालासाठी ढाल म्हणून वापरले गेले.

तेव्हा गावातला तो अस्सल आणि बाहेरचा तो नकली, असा सोपा निवाडा करावा काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास लायोल गावातले चाकूंचे काम जवळजवळ थांबले होते. ते नाव जगवले थिएर या शहराने. मध्ययुगापासून चाकूंसाठी ख्यात असलेल्या या शहरात द्युरोल नदीच्या पाण्यावर सहाणी फिरत, आणि धार लावणारे कामगार सहाणेवर आडव्या टाकलेल्या फळीवर पालथे पडून काम करीत. थंडीत ऊब मिळावी म्हणून पायांवर कुत्रा बसवून घेत. 1987 साली लायोल गावात नवा कारखाना उभा राहिला, तोपर्यंत अनेक दशके या चाकूंचे घर थिएरच होते. या कामगारांना उपरे ठरवणारी अस्सलपणाची व्याख्या आम्हांस मान्य नाही.

यंत्राचा तिरस्कार करणेही आम्हांस मान्य नाही. फ्रान्समधीलच साव्वा प्रांतात 1890 साली जोसेफ ओपिनेल यांनी घडवलेला बीच लाकडाच्या मुठीचा साधा चाकू आज कारखान्यात मोठ्या संख्येने तयार होतो आणि अगदी माफक किमतीला मिळतो. पाते जागी अडकवणारे त्याचे फिरते कडे 1955 साली आले. त्याच्या कार्बन पोलादाच्या पात्याला लिंबू लागले की ते काळवंडते. मूठ भिजली की लाकूड फुगते आणि पाते उघडता उघडत नाही. हे सारे दोषच आहेत. पण ते लपवलेले नाहीत, आणि त्यांवरचे उपायही सर्वश्रुत आहेत: पाते पुसून ठेवावे, तेलाचा हात फिरवावा, मूठ वाळू द्यावी. दोष आणि फसवणूक यांत हा भेद आहे. दोष वस्तूच्या स्वभावातून येतो आणि वापरणाऱ्याकडे थोडी शिस्त मागतो. फसवणूक वर्णन आणि वस्तू यांच्यातल्या फटीत राहते.

ही फट महाजालाने निर्माण केलेली नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतील सोलिंगेनचा स्वस्त माल शेफिल्डचा ठसा मारून विकला जाई. शेफिल्डच्या कारागिरांनी आवाज उठवला, आणि ब्रिटनने 1887 साली व्यापारी चिन्हांचा कायदा करून परदेशी मालावर उगमदेश लिहिणे भाग पाडले. 'जर्मनीत बनवलेले' ही अक्षरे मुळात सावधगिरीची सूचना होती. जर्मन कारागिरांनी काही दशकांत त्यांचे भूषण करून दाखवले. पुढे सोलिंगेनच्याच नावाच्या नकला होऊ लागल्या आणि 1938 साली त्या नावासाठी जर्मनीला स्वतंत्र कायदा करावा लागला. नकलेचा कलंक लागलेले शहर अर्ध्या शतकात नकलेचे बळी ठरले. यावरून आम्ही एवढाच बोध घेतो की, परंपरा ही वंशपरंपरेने आपोआप मिळणारी मिरास नसून दर पिढीने नव्याने कमवायची पत आहे.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, लायोलमध्ये हाताने जोडलेला चाकू शंभर युरोंच्या खाली क्वचितच मिळतो. तो कोणी दहात देऊ केला तर घेणाऱ्याला कळायला नको काय? हा आक्षेप व्यवहाराला धरून आहे, पण अपुरा आहे. स्वस्त वस्तू घेणाऱ्याला स्वस्त वस्तू मिळावी, यात अन्याय नाही. दहा युरोंचा चाकू दहा युरोंचाच आहे असे सांगून विकला तर आमची तक्रार उरत नाही. शिवाय महागाई ही काही सचोटीची हमी नव्हे. 'दमास्कस' म्हणून चढ्या किमतीला विकल्या जाणाऱ्या काही पात्यांवरची लहरदार नक्षी साध्या पोलादावर आम्लाने वा लेझरने कोरलेली असते आणि सहाणेवर चार वेळा घासताच पुसट होते.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे: ग्राहक मुळात कथाच विकत घेतो, आणि कथा तर त्याला मिळते, मग गाऱ्हाणे कशाचे? काल्पनिक कथेला आम्ही कमी लेखत नाही. आमचा सारा व्यवहारच तिच्यावर चालतो. परंतु कथा सांगणारा आणि ऐकणारा यांच्यात ती कथा आहे असा करार असतो. विक्रीवर्णन तोच करार मोडते आणि मोडल्याचे लपवते. त्याची किंमत केवळ ग्राहक देत नाही. जो कारागीर खरोखर शिंग कापतो, कमान घडवतो, पाते मधोमध बसावे म्हणून ते पुन्हापुन्हा जुळवतो, त्याच्याकडे स्वतःच्या कामासाठी एकही निराळा शब्द शिल्लक राहत नाही. 'हातांनी घडवलेले' हे शब्द दुसऱ्याने आधीच झिजवून टाकलेले असतात. येवल्याच्या विणकराला यंत्रमागावरच्या 'पैठणी'शी झगडताना हाच अनुभव येतो, हे मराठी वाचकाला वेगळे सांगावयास नको.

मग करावे काय? कायद्याची मदत आहे, आणि ती घेण्यात संकोच नसावा. आपल्याकडील 2020 च्या ई-व्यापारविषयक ग्राहक संरक्षण नियमांनुसार मालाचा उगमदेश दाखवणे आवश्यक आहे, वस्तू सदोष किंवा जाहिरातीपेक्षा वेगळी असल्यास विक्रेत्याला ती परत घेण्यास नकार देता येत नाही, आणि ग्राहक असल्याचे भासवून खोटे अभिप्राय लिहिण्यासही मनाई आहे. पण कायदा वस्तू हाती पडल्यानंतर धावून येतो. त्याआधीचे काम वाचनाचे आहे. वर्णनात कर्ता शोधावा. पोलादाची जात, मुठीचे द्रव्य, जोडणीचे ठिकाण आणि दुरुस्तीचा पत्ता या चार गोष्टी विचाराव्या. पाच वर्षांनी कमान सैल झाली तर हा चाकू कोण हाती घेईल, या एका प्रश्नाला ज्याच्यापाशी उत्तर आहे, त्याच्या परंपरेवर आम्ही विश्वास ठेवू. आणि निराशा पदरी आलीच तर 'टाकाऊ माल' एवढे दोन शब्द लिहून थांबू नये. पाते कुठे घासते, माशी कशी डकवली आहे, धार किती दिवस टिकली, हे नेमके लिहावे. असा अभिप्राय ही समीक्षाच आहे, आणि पुढच्या वाचकाला तिचा उपयोग आमच्या कित्येक परिसंवादांपेक्षा अधिक होईल.

शब्दांना वस्तूंशी ताडून पाहण्याची सवय आम्ही वर्गात लावत नसू, तर कवितेतल्या प्रतिमांवर कितीही तास खर्ची घातले तरी विद्यार्थी बाहेरच्या बाजारात निःशस्त्रच उभा राहील. पोलादाला पाणी देणे आणि माणसाचे पाणी जोखणे यांसाठी मराठीने एकच शब्द ठेवला आहे. पाणी दिसत नाही. धार टिकली की कळते, आणि नावाची परीक्षाही अशीच वापरात होते. 'परंपरा' हा शब्द आपण वर्गात, व्यासपीठावर आणि लेखांत दररोज वापरतो. विक्रेत्याला विचारायचे प्रश्न या वापरालाही विचारावे, एवढेच आमचे सांगणे.