अंड्याला रविवारची सुट्टी नसते

प्राणिशास्त्राच्या जर्नलात आपण हृदयाची आकृती सुबक काढतो. धडधडणारे हृदय मात्र आपल्यापैकी कितींनी पाहिले आहे?

फ्रान्सिस हॅमिल्टन याने गंगेच्या माशांवरील १८२२ च्या ग्रंथात नोंदविलेला झेब्रामासा आपल्याच देशाचा. त्याचे अंडे पारदर्शक असते. फलनानंतर सुमारे २४ तासांत हृदय चालू लागते आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही ते दिसते. १९८९ साली अलास्काजवळ ‘एक्झॉन व्हाल्डीझ’ जहाजातून तेल सांडले. त्यानंतरच्या संशोधनात कळले की, कच्च्या तेलाचे घटक अत्यल्प प्रमाणातही माशाच्या भ्रूणाचे हृदय बिघडवतात. मग आपल्या गावच्या नाल्याचे पाणी काय करीत असेल? हा प्रश्न पदवीच्या विद्यार्थ्याला झेपणारा आहे.

मात्र मार्गदर्शक हवा. २०१३ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत ९६ तास रोज पाहणी असते: अंडे साकळले का, शेपटी सुटली का, हृदय चालते का. स्वच्छ पाण्यातलीच अंडी शेकडा दहाहून अधिक मेली, तर सारा प्रयोग बाद! नवखा विद्यार्थी अशा वेळी घाबरून आकडे ‘सुधारतो’. (जर्नलाने तीच सवय लावलेली असते.) ‘मेली तशीच लिही, आणि का मेली ते शोधू’ असे म्हणणारे सर शेजारी बसले, तरच तो वाचतो.

हे काम तासिकेच्या चौकटीत बसत नाही. निदान रविवारी प्रयोगशाळेची किल्ली कोणाकडे मागावी, एवढे तरी विभागाने फलकावर लावावे.