मेंढरांच्या चराईचा पुरावा

दिवाळी उलटली म्हणजे माण-खटावच्या माळांवरून व जत-आटपाडीच्या शिवारांतून मेंढरांचे कळप निघतात, घोड्यांच्या पाठीवर बिऱ्हाडें लादलीं जातात, आणि त्यांच्या मागोमाग दरवर्षीचा तंटाहि वाटेस लागतो. धनगर आला कीं रान उजाड होतें, असें एका पक्षाचें म्हणणें. रान बंद केल्यानें मेंढरें उपाशी मरतात, असें दुसऱ्याचें. सरकारी रानांस लागू असलेला वन कायदा १९२७ सालचा. म्हणजे हा वाद शतकाच्या घरांत आला. तथापि कोणत्या महिन्यांत कळपानें कोठें व काय खाल्लें, याचा पुरावा वादाच्या वेळीं क्वचितच पुढें येतो. न्यायमंदिरांत असा खटला एक दिवसहि उभा राहिला नसता!

मेंढरूं दिसेल तें ओरबाडतें, ही समजूत शहरांत फार पसरलेली आहे. ती खरी नाहीं. त्याचा वरचा ओठ दुभंगलेला व चपळ असतो; त्यायोगें तें काडी सोडून पान तेवढें निवडतें. सकाळीं व दिवस कलतांना तें मुख्यतः चरतें, आणि भर दुपारीं एकमेकांच्या सावलींत मुंडकीं खुपसून रवंथ करीत राहतें. पावसाळ्यांत मारवेल व पवन्या कोवळीं असतां त्याचें उत्तम चालतें. पण गवत निसवून वाळलें म्हणजे सत्त्व उतरतें. कुसळीचीं कुसळें तर लोकरींतून कातडींत शिरतात. चाऱ्यांतील प्रथिनें शेंकडा सुमारें सातांच्या खालीं गेलीं, कीं पोटांतील सूक्ष्म जंतूंचें काम मंदावतें, आणि गवत गुडघाभर उभें असूनहि जनावर कमी खातें, असें शास्त्रज्ञ सांगतात. धनगरास हा आंकडा ठाऊक नसेल; परंतु कळप केव्हां हलवावा, कापणी झालेल्या शेतांत, बाभळीच्या शेंगांकडे कीं बोरीच्या पाल्याकडे न्यावा, हें तो चुकत नाहीं. ज्यास आपले अधिकारी भटकेपणा म्हणतात, तो वस्तुतः सत्त्वाचा शोध आहे. आणि ज्या शेतांत कळप बसतो तेथें लेंडीखत पडतें, म्हणून शेतकरीहि त्याची वाट पाहतो, हें पेठेंतील मंडळींस सांगावयास नकोच.

आतां हें सर्व मोजतां येतें. मेंढीच्या गळ्यांत पट्टा बांधून उपग्रहाच्या आधारें ती दिवसभर कोठें फिरली याची नोंद घेण्याचे प्रयोग ऑस्ट्रेलियांत झाले आहेत. लेंड्यांच्या तपासणीवरून खाल्लेल्या चाऱ्याचा कस अजमावतां येतो. आमच्याकडे याची निकड अधिक आहे. १९६८ सालीं स्थापन झालेल्या फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनें बंगालच्या गरोळ मेंढीचा जुळें देणारा गुण दख्खनी मेंढींत आणून ‘नारी सुवर्णा’ ही जात सिद्ध केली, हें सातारा जिल्ह्यास भूषणावह आहे. राज्य सरकारनेंहि २०१७ सालापासून महामेष योजनेंत वीस मेंढ्या व एक नर असा गट अनुदानावर देण्याचें धोरण आंखलें. पण दोन कोंकरांस पाजणाऱ्या आईनें चैत्र-वैशाखांत काय खावें? गुण वाढवावा, संख्या वाढवावी, आणि चाऱ्याचा हिशेब मात्र देवावर सोंपवावा, हा कारभार कोणत्याहि व्यापाऱ्याच्या वहींत बसणार नाहीं.

मेंढी व शेळी विकास महामंडळाचीं प्रक्षेत्रें दहिवडीस व कवठेमहांकाळ तालुक्यांत रांजणीस आहेत. तेथून प्रारंभ करून, फिरस्त्या कळपांपैकीं कांहीं निवडून, एक आषाढ ते पुढचा आषाढ अशी पुरी नोंद ठेवावी: वाट, चारा, मेंढीचें वजन, कोंकरांची वाढ. कुंपणांतील मेंढरांची नोंद पुरेशी नाहीं. जतच्या माडग्याळ मेंढीचें खरें आयुष्य कुंपणाबाहेर जातें. चराईबंदी कोणत्या रानांत व किती महिने असावी, याचा विचार त्या नोंदीवरून करावा. एखादें रान खरोखरच थकलेलें ठरलें, तर तें मिटलेंच पाहिजे, आणि तेंहि आम्ही उघडपणें लिहूं.

मात्र एक अट आहे. गळ्यांतील पट्टा जसा कस सांगेल, तसा बंद रानांत शिरलेला पायहि दाखवील. ही नोंद मेंढपाळाविरुद्ध दंडाच्या वा फिर्यादीच्या कामीं वापरली जाणार नाहीं, आणि तिची प्रत त्याच्या भाषेंत त्याच्या हातीं पडेल, असें सरकारनें आधीं लेखी द्यावें. तें मिळेपर्यंत एकाहि मेंढीच्या गळ्यांत पट्टा बांधूं देऊं नये, असें आमचें धनगर बंधूंस स्पष्ट सांगणें आहे.