कातडे गाढवाचे, पाप कोणाचे?

ज्येष्ठ महिन्यात जगद्गुरू संत तुकाराम महाराजांची पालखी यवतला मुक्कामाला येते. काळभैरवनाथाच्या मंदिरात कढया चढतात आणि हजारो वारकरी पिठलं-भाकरीचा प्रसाद घेऊन तृप्त होतात. त्याच सुमारास भुलेश्वरच्या डोंगरापलीकडे माउलींची पालखी सासवडहून जेजुरीच्या वाटेला लागते. दोन पालख्यांच्या मधला हा मुलूख भूतदयेचा वारसा सांगणारा आहे. म्हणूनच एक अप्रिय प्रश्न येथेच विचारला पाहिजे. जेजुरीला पौष पौर्णिमेला गाढवांचा जो पिढ्यानपिढ्यांचा बाजार भरतो, तो आणखी किती वर्षे भरणार आहे?

वडार, कैकाडी, बेलदार, कुंभार असे अनेक समाज खंडोबाच्या दर्शनाला येतात आणि गाढवांची खरेदी-विक्री करतात. तोंड उघडून दात मोजायचे, वय ठरवायचे आणि मग सौदा करायचा, ही तेथील रीत. काठेवाडी जनावराला मान मोठा. पण बाजारात येणारी गाढवे आता कमी होत चालली आहेत, आणि ही केवळ जेजुरीची कथा नाही. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ३ लाख २० हजार गाढवे होती. २०१९ च्या गणनेत ती सुमारे १ लाख २० हजार उरली. सात वर्षांत ६१ टक्के घट! वाघाची किंवा माळढोकाची संख्या अशी घटली असती, तर वर्तमानपत्रांचे रकाने भरले असते. गाढवासाठी कोण रडणार?

ट्रॅक्टर आले, वीटभट्ट्यांवर यंत्रे आली, गायराने आक्रसली, ही कारणे खरीच आहेत. पण तेवढ्याने हिशेब पुरा होत नाही. ‘ब्रुक इंडिया’ या संस्थेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात गाढवांच्या चोरट्या व्यापाराकडे आणि कातड्यांच्या बेकायदा निर्यातीकडे बोट दाखवले आहे. या कातड्यांची ओढ कोठून लागते, हे शोधायला फार लांब जावे लागत नाही. ती चीनमधून लागते.

चीनच्या शांडोंग प्रांतात गाढवाचे कातडे उकळून, आटवून ‘एजिआओ’ नावाच्या वड्या करतात. रक्त वाढते, झोप लागते, तारुण्य टिकते, असे त्यांचे गुणगान. पूर्वी हे औषध राजघराण्यांचे होते. चीनमध्ये मध्यमवर्गाच्या हाती पैसा खेळू लागला आणि ते घरोघरी पोहोचले. आता परदेशांतील चिनी वस्त्यांच्या दुकानांत आणि आंतरजालावरच्या बाजारातही ते मिळते. या उद्योगाला वर्षाला लक्षावधी कातडी लागतात. ‘डाँकी सँक्चुअरी’ या ब्रिटिश संस्थेचा २०२४ चा अंदाज ५९ लाखांचा आहे. गाढविणीला वर्षभराचा गर्भकाळ आणि पोर सहसा एकच. अशा जनावराची पैदास कारखान्याच्या वेगाने होणार कशी? चीनने आपली बहुतेक गाढवे संपवली आणि मग जगाच्या गोठ्यांकडे मोर्चा वळवला.

आफ्रिकेत रात्री दावणीला बांधलेले गाढव सकाळी दिसेनासे होऊ लागले. पाण्याचे हंडे वाहणारे तेच एक साधन. ते गेले की ओझे बाईच्या डोक्यावर आणि मुलीच्या शाळेवर येते. अखेर फेब्रुवारी २०२४ मध्ये आफ्रिकी संघाने कातड्यासाठी होणाऱ्या गाढवांच्या कत्तलीवर पंधरा वर्षांची बंदी घालण्याचा निर्णय घेतला. ज्यांना आपण मागासलेले म्हणतो, त्या देशांनी एकत्र येऊन हे धैर्य दाखवले.

येथे कोणी म्हणेल, ही परंपरागत चिकित्सा आहे, आयुर्वेदाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी तिला नावे का ठेवावीत? उत्तर सरळ आहे. परंपरेला परीक्षेचे भय नसते. चीनच्याच तू यूयू या संशोधक महिलेने चौथ्या शतकातील एका ग्रंथातला उल्लेख घेतला, वनस्पतीचा अर्क काढला, तो आधी स्वतःवर आजमावला आणि हिवतापावरचे आर्टेमिसिनिन जगाला दिले. त्यासाठी २०१५ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. या तपश्चर्येला आमचा नमस्कार आहे. एजिआओच्या दाव्यांनी मात्र अशी परीक्षा दिलेली नाही. २०१८ मध्ये चीनच्याच सरकारी आरोग्य हेल्पलाइनने ‘हे तर उकळलेले गाढवाचे कातडे’ अशा अर्थाचा मजकूर प्रसिद्ध केला आणि थोड्याच दिवसांत दिलगिरी व्यक्त केली. सत्य बोलल्याबद्दल क्षमा मागावी लागते, तेथे चिकित्सा संपते आणि बाजार सुरू होतो. ग्रंथातून औषध शोधणारा चीन वेगळा आणि ग्रंथाचे नाव सांगून कातडे विकणारा चीन वेगळा. पहिल्याकडून शिकावे, दुसऱ्याला रोखावे.

पण केवळ चीनकडे बोट दाखवून आपले हात स्वच्छ होत नाहीत. चोरटा व्यापार येथे चालतो, तेव्हा विकणारा आणि डोळेझाक करणारा येथलाच असतो. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांत खाण्यासाठी कापता येणाऱ्या जनावरांच्या यादीत गाढव नाही; तरीही आंध्र प्रदेशात ‘ताकद येते’ या समजुतीपायी गाढवाचे मांस चोरून विकले जात असल्याचे वारंवार उघड झाले आहे. आपल्या गल्लीबोळांत गाढविणीचे दूध चमच्याच्या हिशेबाने विकले जाते आणि शिकलेल्या आयाही ते बाळाला पाजतात. मग चिन्यांच्या अंधश्रद्धेला हसण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

दौंड तालुका गुऱ्हाळांचा. ‘गाढवाला गुळाची चव काय’ ही म्हण येथे सहज कानावर पडते. खरे तर गुळाची चव त्याला कोणी दाखवलीच नाही. विटा त्याने वाहिल्या, वाळू त्याने वाहिली, घाटातले दगड त्याने वाहिले. घर बांधून झाल्यावर वास्तुशांतीच्या जेवणात ना त्याची आठवण निघाली, ना त्याच्या मालकाची. गाढव गेले म्हणजे भटक्या कुटुंबाचे भांडवलच गेले. त्याने पोलीस ठाण्यात जाऊन ‘माझे गाढव चोरीला गेले’ म्हणावे, तर तक्रार लिहून घेण्याआधी हशा पिकतो.

आणि आपण कोणाचे वारस? काशीहून रामेश्वराला नेण्यासाठी आणलेली गंगेची कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती करणाऱ्या नाथमहाराजांचे! ही कथा कीर्तनात ऐकताना आपले डोळे पाणावतात. शीतलामातेच्या वाहनापुढे आपण हात जोडतो. मात्र गोमातेसाठी रस्त्यावर उतरणारा समाज या मुक्या कष्टकऱ्यासाठी एक निवेदनही देत नाही. भूतदयेला जातीची उतरंड कधीपासून लागली?

करता येण्याजोगे पुष्कळ आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय पशुधन अभियानात गाढवांच्या पैदाशीसाठीही ५० टक्के अनुदानाची तरतूद केली. ती पालात राहणाऱ्या माणसापर्यंत पोहोचवायला कागदपत्रे जाणणारा कार्यकर्ता लागतो. जेजुरीच्या बाजारात प्रत्येक सौद्याची नोंद आणि जनावराच्या कानाला बिल्ला असा आग्रह धरता येतो. आपल्या गावाजवळच्या वीटभट्टीवर एका रविवारी पशुवैद्यकाला घेऊन जाता येते. चोरीची तक्रार नोंदवायला मालकासोबत पोलीस ठाण्याची पायरी चढता येते. आणि परदेशातल्या आपल्या आप्तांना एवढे बजावता येते, की लाल डबीतली ती वडी कोणाला भेट म्हणूनही आणू नका. रक्तक्षयावर डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या आणि सकस आहार हाच उपाय आहे.

पुढच्या ज्येष्ठात पालखी पुन्हा यवतला येईल, पिठलं-भाकरीच्या पंगती उठतील. त्या प्रसादाला आपण पात्र आहोत की नाही, हे टाळ-मृदंगाच्या गजरावर ठरणार नाही. डोंगरापलीकडे पौषातल्या बाजारात किती गाढवे उभी राहतात, त्यावर ते ठरेल.