कॅमेऱ्याबाहेर राहिलेले ऑपरेशन

डॉक्टर यूट्यूबवर ऑपरेशन बघून शिकतात, असे कोणी म्हटले की वस्तीत आपली माणसे घाबरतात. त्यात नवल नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात पंधरा वर्षांच्या मुलाच्या पित्ताशयाचे ऑपरेशन मोबाईलवर व्हिडिओ बघत केले आणि मुलगा दगावला, असा आरोप त्याच्या घरच्यांनी केला. बातमी देशभर गेली. पण तो भोंदू डॉक्टरांचा प्रश्न आहे, त्याचे उत्तर पोलीस ठाण्यात आणि कोर्टात आहे. आम्हाला बोलायचे आहे ते खऱ्या, पदवी घेतलेल्या डॉक्टरांबद्दल. तेही व्हिडिओ बघतात. उद्या सकाळी कोणती केस आहे ते कळले की निवासी डॉक्टर रात्री हॉस्टेलवर मोबाईल उघडतात. यात वाईट काहीच नाही. पुस्तकातले चित्र सपाट असते आणि व्हिडिओत पोट हलते, रक्त येते, हात कसा वळतो ते दिसते. प्रश्न एवढाच, की समोर येणारा व्हिडिओ कोणाचा आणि कसा आहे.

आम्ही परिचारिकांनी ऑपरेशन थिएटरमध्ये वर्षानुवर्षे ट्रॉली लावली आहे, मॉप मोजले आहेत. म्हणून हे व्हिडिओ बघताना आमची नजर पडद्यावर जे नाही तिकडे आधी जाते. दीड तासाचे ऑपरेशन सहा मिनिटांत संपते. मागे वाद्यसंगीत वाजत असते. रक्तस्राव झालेला तुकडा कापलेला असतो. पेशंटला टेबलावर कसे झोपवले, पोटावर नळ्यांची छिद्रे नेमकी कुठे घेतली, पोटात कार्बन डायऑक्साइड किती दाबाने भरला, हे पुष्कळदा सांगतच नाहीत. आणि मोजणी? जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेची तपासणी यादी काढली. भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि पेशंट थिएटरबाहेर नेण्याआधी, असे तीनदा थांबायचे. पेशंटचे नाव, कोणते ऑपरेशन, कोणती बाजू हे मोठ्याने म्हणायचे. शेवटी मॉप, सुया, हत्यारे मोजून सांगायची. यातले बरेचसे काम सिस्टरच्या तोंडून आणि बोटांनी होते. व्हिडिओत ते सापडणार नाही. जी मुले व्हिडिओवर वाढली, त्यांना सिस्टरने ‘काउंट झाल्याशिवाय पोट शिवू नका’ म्हटले की ती आड आल्यासारखी वाटते. तिथूनच आमचे भांडण सुरू होते.

पित्ताशयाचेच उदाहरण घेऊ, कारण दुर्बिणीचे हे ऑपरेशन जिल्ह्याच्या गावापर्यंत पोचले आहे. भारतात ते पहिल्यांदा १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी केले. सरकारी रुग्णालयात, गरीब पेशंटसाठी. छोटी छिद्रे, कमी दुखणे, बाई लवकर कामावर, हा हिशेब मजुरी करणाऱ्या घराला लगेच समजतो. पण यातला मोठा धोकाही त्याच घराला भोगावा लागतो. पित्ताशयाची बारीक नळी समजून मुख्य पित्तनलिकाच कापली गेली, तर पुढे कावीळ, पुन्हा मोठे ऑपरेशन, महिनोन्‌महिने दवाखाना. २००३ साली अमेरिकेत अशा २५२ दुखापतींचा अभ्यास झाला. त्यात बहुतेक सगळ्या चुका हात घसरून नव्हे, तर नजरेची फसगत होऊन झालेल्या निघाल्या. समोर दिसते ती वेगळीच नळी, आणि सर्जनला पूर्ण खात्री की हीच ती.

ही फसगत टाळायला १९९५ मध्ये डॉ. स्ट्रासबर्ग आणि सहकाऱ्यांनी एक रीत सांगितली. क्लिप लावण्याआधी तीन गोष्टी डोळ्यांना दिसल्याच पाहिजेत. यकृत आणि नळी यांच्यामधल्या त्रिकोणी जागेतली चरबी आणि जाळे साफ झालेले हवे. पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सुटलेला हवा. आणि पित्ताशयात शिरताना दोनच गोष्टी दिसायला हव्यात, एक नळी आणि एक रक्तवाहिनी. तीन दिसल्या तर थांबा, एकच दिसली तरी थांबा. सुरक्षेचा हा देखावा कसा दिसतो ते शिकवायला व्हिडिओइतके चांगले साधन नाही. तरीही लोकांनी भरपूर पाहिलेले व्हिडिओ तज्ज्ञांनी तपासले तेव्हा त्यातल्या थोड्याच व्हिडिओंत तो नीट दाखवलेला निघाला. बाकीच्यांत हात सफाईदार, चित्र स्वच्छ, आणि क्लिप लागते ती मात्र अंदाजाने. त्या पेशंटला काही झाले नसेल. पण बघणाऱ्याने अंदाजाने क्लिप लावणे हीच पद्धत म्हणून शिकून घेतली, त्याचे काय?

यूट्यूब ज्याला जास्त लोक बघतात त्याला पुढे सरकवते. ऑपरेशन बरोबर आहे की नाही हे तपासणारा तिथे कोणी बसलेला नाही. नोव्हेंबर २०२१ पासून तर नापसंतीचा आकडाही दिसत नाही. पूर्वी निदान चार जाणकारांनी अंगठा खाली केला की शंका तरी यायची. काही व्हिडिओ डॉक्टरांच्या जाहिरातीसाठी असतात, काही हत्यारे विकणाऱ्या कंपन्यांचे. ते बघूच नयेत असे नाही, पण तो दुकानदार आहे हे लक्षात ठेवून बघावेत.

चांगले काम करणारेही आहेत. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या इरकाड या संस्थेचे वेबसर्ग हे संकेतस्थळ नोंदणी करून फुकट बघता येते आणि तिथे व्हिडिओ तज्ज्ञांकडून निवडून घेतात. २०१८ मध्ये अनेक देशांच्या सर्जनांनी मिळून दुर्बिणीच्या ऑपरेशनचा शिकवण्याजोगा व्हिडिओ कसा असावा याचे नियम केले. लॅप-वेगास म्हणतात त्यांना. पेशंटची ओळख झाकलेली, आजार काय होता ते सांगितलेले, छिद्रांच्या जागा दाखवलेल्या, पुढे पेशंटचे काय झाले तेही दिलेले. उत्तम नियम आहेत. फक्त निवेदन इंग्रजीतच असावे असे त्यात आहे, आणि तिथे आमच्या कपाळाला आठी पडते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलीने शरीर मराठीत समजून घेतलेले असते. तिला पहिल्यांदा तरी ते मराठीत ऐकायला मिळू नये का?

कारण व्हिडिओ हा प्रश्न सगळ्यांसाठी सारखा नाही. ज्याचे काका-मामा सर्जन आहेत, तो सुट्टीत त्यांच्या थिएटरमध्ये उभा राहतो, त्याच्या चुका घरचे माणूस सुधारते. ज्याच्या घरात पहिल्यांदाच कोणी डॉक्टर होते आहे, त्याला युनिटमध्ये कोणी हात धरून शिकवले तर ठीक, नाहीतर मोबाईल. आणि हात धरून शिकवताना आडनाव बघितले जात नाही, असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे? २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. तिला प्रसूतिकक्षात काम शिकू दिले जात नव्हते, हाही त्या प्रकरणातल्या आरोपांतला एक भाग होता. थिएटरच्या दाराशी अडवलेल्या मुलामुलींना फुकटचा व्हिडिओ म्हणजे मागचे दार वाटते. त्या दारातून खराब माल येत असेल, तर पुन्हा मार त्यांनाच बसतो आणि त्यांच्या हातून पुढे आपल्याच पेशंटला.

दुसरी बाजू पेशंटची. शिकाऊ हात बहुतेक करून सरकारी रुग्णालयातल्या पेशंटवर शिकतात. आणि कॅमेराही त्यांच्याच पोटात फिरतो. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर अंगठा घेताना त्याच कागदात चित्रीकरणाचीही परवानगी गुंडाळलेली असते. बाईला वाटते, ऑपरेशनसाठीच सही केली. दुर्बिणीच्या पडद्याच्या कोपऱ्यात नाव आणि केसपेपरचा नंबर उमटतो. तो न झाकता व्हिडिओ वर चढवला की तिचे पोट, तिचे नाव आणि तिचा आजार गावभर. वेगळा कागद, तिच्या भाषेत, मोठ्याने वाचून दाखवलेला, आणि ‘नाही’ म्हटले तरी ऑपरेशन होईलच हे स्पष्ट सांगितलेले, एवढे तरी हवेच.

आमची मागणी साधी आहे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने सरकारी महाविद्यालयांतले अनुभवी सर्जन, भूलतज्ज्ञ आणि थिएटर सिस्टर एकत्र बसवून नेहमीच्या ऑपरेशनचे व्हिडिओ तयार करावेत. पित्ताशय, हर्निया, अपेंडिक्स, सिझेरियन, एवढ्यापासून सुरुवात. मराठी निवेदन, न कापलेला रक्तस्राव, तपासणी यादी म्हणतानाचा आवाज, शेवटची मोजणी. अडलेली केसही दाखवा. दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडायचा निर्णय सर्जनने कधी घेतला, हे बघून जेवढे शिकता येते तेवढे दहा सफाईदार व्हिडिओंतून येत नाही. कॅमेरे बऱ्याच थिएटरांत आहेतच. पैसा फार लागणार नाही, माणसे बसवावी लागतील.

तोवर आपल्या घरातल्या ज्या मुली नर्सिंगला किंवा मेडिकलला आहेत, त्यांना आम्ही एवढेच सांगतो. व्हिडिओ बघा, पण दुसऱ्या दिवशी केस संपल्यावर वरिष्ठांना विचारा, ‘सर, त्यांनी इथे क्लिप लावली, आपण थांबलो, ते का?’ उत्तर टाळले तर सिस्टरला विचारा. तिने मॉप मोजता मोजता ते हजारदा बघितलेले असते.