वही कोणाच्या घरी राहावी?

येथे ग्वेल्फला आपली माणसे मोजकीच. तरी चार कुटुंबे जेवावयास एकत्र बसली की हल्ली बिटकॉइनचा विषय निघतोच, आणि भाचेमंडळींपैकी कोणीतरी ठासून सांगतो, "मामा, ब्लॉक लहान ठेवला तेथेच सगळे बिघडले. मोठा केला असता तर अश्दोदला पैसे धाडायला दोन सेंटही पडले नसते." हे मत आम्हांस मान्य नाही. ते का मान्य नाही हे आम्ही येथे उघड लिहिणार आहोत. कोणास राग आला तर येवो.

ज्येष्ठ वाचकांसाठी प्रथम दोन शब्द. बिटकॉइन हे नाव नाण्याचे असले तरी मूळ वस्तू वही आहे. कोणी कोणास किती दिले याची ती एक खातेवही असून तिचे नवे पान सरासरी दर १० मिनिटांनी भरते. त्या पानास ब्लॉक म्हणतात. ही वही कोणा एका पेढीच्या तिजोरीत नसते. जो आपल्या घरच्या संगणकावर तिची पूर्ण प्रत ठेवतो आणि प्रत्येक नोंद नियमाप्रमाणे तपासून घेतो, त्याच्या घरी ती असते. अशा संगणकास नोड म्हणतात. सातोशी नाकामोतो या नावाने वावरणाऱ्या निर्मात्याने २०१० साली पानास १ मेगाबाइटची मर्यादा घातली. इतक्या पानात सेकंदाला फार तर सात व्यवहार मावतात, बहुधा कमीच. गिऱ्हाईक वाढले, पान पुरेना, आणि भांडण जुंपले.

मुंबईच्या चाळीत ज्यांनी भिशी चालवली आहे त्या आमच्या भगिनींना यातले मर्म लगेच कळेल. भिशीची वही एकीच्या घरी असे, पण ती सर्वांदेखत वाचली जाई. कोणास वाचताच येऊ नये इतकी ती वही जाड झाली असती, तर ती भिशी राहिली नसती, सावकारी झाली असती.

मोठ्या पानाचा पक्ष मूर्खांचा नव्हता, हे आम्ही मान्य करतो. गॅविन अँड्रेसन हे तर सातोशीनंतर या कामाची धुरा वाहिलेले गृहस्थ. त्यांनी व माइक हर्न यांनी २०१५ साली योजना पुढे केली ती अशी: २०१६ पासून पान ८ मेगाबाइटचे करावे, पुढे दर दोन वर्षांनी दुप्पट करीत जावे, आणि २०३६ साली ते ८ गीगाबाइटपर्यंत न्यावे. इंटरनेट दरवर्षी वेगवान होत आहे, मग भिता कशाला, असा त्यांचा सवाल.

आता हिशेब करू. दर १० मिनिटांना ८ गीगाबाइट म्हणजे सेकंदाला सुमारे १०९ मेगाबिट, रात्रंदिवस, केवळ पान उतरवून घेण्यास. कॅनडाच्या दूरसंचार आयोगाने डिसेंबर २०१६ मध्ये देशातील घरांसाठी उद्दिष्ट ठरवले ते ५० मेगाबिट येण्यास आणि १० जाण्यास. तेही उद्दिष्ट! शिवाय वही राखणाऱ्याने पान घेऊन स्वस्थ बसावयाचे नसते. ते निदान एका शेजाऱ्याच्या हाती द्यावयाचे असते. तेथे १० मेगाबिटची अरुंद गल्ली आडवी येते. तोवर तारा रुंद होतील, असे उत्तर आम्हांस मिळते. होतील ना! पण आधी कोणाच्या दारी? ग्वेल्फ शहरात एक वेळ होतील. गावाबाहेर वेलिंग्टन परगण्यातल्या शेतांवर, किंवा आपल्या रेवदंड्याच्या वाडीत, त्याच दिवशी पोहोचतील काय? ज्या दिवशी वही राखणे घरांना परवडेनासे होईल, त्या दिवसापासून ती मोठ्या कंपन्यांच्या कोठारांत जाईल, आणि त्या सांगतील ती शिल्लक आपण खरी मानायची.

सारे एका ठिकाणी एकवटले की काय होते, हे या देशाने ८ जुलै २०२२ रोजी पाहिले. रॉजर्स कंपनीच्या जाळ्यात बदल करताना चूक झाली आणि १ कोटी २० लाखांहून अधिक ग्राहकांचे फोन व इंटरनेट बंद पडले. इंटरॅकची व्यवस्था त्याच जाळ्यावर टेकलेली, म्हणून दुकानांत डेबिट कार्डेही चालेनात. खिशात रोकड नसलेली माणसे हातातल्या पिशव्या परत ठेवून घरी गेली. यात ना चोर होता, ना शत्रू. (मोठे करा म्हणजे स्वस्त होईल, हे वाक्य ग्वेल्फकरांच्या ओळखीचे आहे. या शहराची स्वतःची वीज कंपनी होती. १ जानेवारी २०१९ पासून ती अलेक्ट्रात विलीन झाली, आणि त्या मोठ्या कंपनीत आता शहराचा वाटा लहानसा आहे.)

पानाच्या भांडणाचा निकाल २०१७ साली लागला, आणि तो कसा लागला हे आमच्या तरुणांनी मुद्दाम वाचावे. मे महिन्यात न्यूयॉर्क येथे २२ देशांतील ५८ कंपन्यांनी करार केला की पान दुप्पट करू. पाने लिहिणारे जे मायनर, त्यांच्या बळापैकी ८० टक्क्यांहून अधिक बळ त्यांच्या बाजूस होते. पैसा त्यांचा, यंत्रे त्यांची. तरी ८ नोव्हेंबरला, पुरेशी सहमती नाही असे सांगून त्यांनीच बेत सोडला. आमच्या मते कारण एकच: हजारो घरांतले नोड नियमाबाहेरचे पान स्वीकारणार नव्हते, आणि कोणी न स्वीकारलेल्या पानाची किंमत रद्दीची. टोरांटोचे पीटर टॉड २०१३ पासून हेच सांगत होते. मॉन्ट्रियलला सप्टेंबर २०१५ मध्ये याच वादावर परिषदही भरली होती. ज्यांना मोठे पान हवेच होते ते १ ऑगस्ट २०१७ रोजी वेगळे झाले आणि त्यांनी बिटकॉइन कॅश काढले. पान ८ मेगाबाइट केले, २०१८ साली ३२ केले. आज त्यांचे पान बहुधा १ मेगाबाइटही भरत नाही. मूळ वहीत मात्र ऑगस्ट २०१७ मध्ये सह्यांची मांडणी बदलून थोडी जागा काढण्यात आली आणि पान साधारण दीड-दोन मेगाबाइटपर्यंत गेले. इतपत वाढ घराला झेपते.

आता आमच्या पक्षाचे पाप. डिसेंबर २०१७ मध्ये एका व्यवहाराची सरासरी फी ५० अमेरिकी डॉलरच्या वर गेली. भाजी दोन रुपयांची आणि टांग्याचे भाडे दहा! आजीस शंभर डॉलर पाठविणाऱ्या नातवास तेव्हा कोणत्या तोंडाने तत्त्वज्ञान सांगावे? लहान रकमांसाठी २०१८ पासून लाइटनिंग नावाची जोडवाट आहे खरी, पण ती आजीला एकटीने चालता येईल इतकी सोपी नाही. हे जे मिटवीत नाहीत, त्यांनी मोठ्या पानवाल्यांना हसू नये.

पण आमचा खरा रोष आहे तो आपल्यांतल्या लहान पानाच्या कैवाऱ्यांवर. तोंडाने विकेंद्रीकरण, आणि नाणी सगळी कुठल्याशा बाजार-कंपनीच्या खात्यात! क्वाड्रिगासीएक्स ही कॅनडाचीच कंपनी. तिचा चालक जेराल्ड कॉटन डिसेंबर २०१८ मध्ये जयपूरला वारला आणि कंपनी बुडाली. ओंटारिओच्या रोखे आयोगाने २०२० साली अहवाल दिला: ७६,००० हून अधिक ग्राहकांचे २१.५ कोटी डॉलर येणे होते, आणि मुळात ती फसवणूकच होती. त्या ग्राहकांना पान लहान की मोठे याने काय फरक पडला? त्यांच्या घरी वहीही नव्हती आणि किल्लीही नव्हती.

पूर्ण वही आज ६०० गीगाबाइटांच्या पुढे गेली आहे. एक टेराबाइटची तबकडी आणि कपाटात पडून असलेला बऱ्यापैकी संगणक एवढ्यावर ती घरात राहते. पहिली प्रत उतरायला काही दिवस लागतात; मग नव्या पानांची आवक दिवसाला पाव गीगाबाइटच्या आसपास, म्हणजे मुले संध्याकाळी बघतात त्या एका सिनेमाहूनही कमी. येत्या सुटीत हे काम घरातल्या तरुणांनी हाती घ्यावे, आणि वही पुरी उतरली की आपली नाणी बाजार-कंपनीकडून काढून स्वतःच्या किल्लीखाली आणावीत.