ओझरला जमलं, ते सुरगाण्याला का नाही?

द्राक्षांच्या हंगामात सुरगाण्याची माणसं निफाड-दिंडोरीच्या बागांत मजुरीला जातात. त्याच मुलखात ओझरची टाउनशिप आहे. पंचक्रोशीत तिला 'ओझर मिग' म्हणतात. या वसाहतीचा इतिहास आपल्या तालुक्याने नीट समजून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

मिग-21 विमानांसाठी भारताने 1962 मध्ये सोव्हिएत संघाशी करार केला. त्याच वर्षी चीनचं युद्ध झालं आणि यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. 1963 मध्ये ते नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. विमानाचा सांगाडा नाशिकला, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला अशी कामाची वाटणी झाली आणि 1964 मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा ओझर प्रकल्प सुरू झाला.

देशभरातून येणारा कुशल कामगार इथे टिकवायचा, तर त्याचं कुटुंबही इथे रमायला हवं होतं. म्हणून विमानांबरोबर वस्तीचाही विचार झाला. क्वार्टर्स, शाळा, दवाखाना, बाजार, मैदानं यांना जागा मिळाली. त्यासाठी परिसरातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, हेही विसरता येणार नाही. मिग-21 हवाई दलातून सप्टेंबर 2025 मध्ये निवृत्त झालं. वसाहत मात्र नांदती आहे.

त्याच नाशिक जिल्ह्यातलं सुरगाणा संस्थान 1948 मध्ये भारतात विलीन झालं. इथे पाऊस धो धो कोसळतो आणि उन्हाळ्यात पाड्यांवर हंडाभर पाण्यासाठी पायपीट होते. डिसेंबर 2022 मध्ये सीमेवरच्या गावांनी 'आम्हाला गुजरातमध्ये जाऊ द्या' अशी मागणी केली, ती रस्ते, पाणी, आरोग्य यांच्या अभावाला कंटाळूनच.

ओझरच्या पाठीशी दिल्लीचा पैसा होता, असं कुणी म्हणेल. ते खरंच आहे. पण रस्ता किती रुंद ठेवायचा, शाळेला मैदान कुठे सोडायचं, ओढ्याच्या काठावर बांधकाम होऊ द्यायचं का, हे आधी ठरवायला विमानाच्या कारखान्याचं बजेट लागत नाही. घरं उभी राहिल्यावर तेच करायला मात्र कितीतरी पट खर्च येतो.

सुरगाण्याला आता नगरपंचायत आहे. 1966 च्या नगररचना कायद्यानुसार शहराचा विकास आराखडा करणं ही तिची जबाबदारी आहे, आणि त्यावर नागरिकांच्या हरकती-सूचना मागवणं बंधनकारक आहे. लढाऊ विमानं बनवणाऱ्यांसाठी सरकारने जी दूरदृष्टी दाखवली, तिच्यावर द्राक्षं खुडणाऱ्यांचाही तेवढाच हक्क आहे.

तेव्हा सुरगाणेकरांनो, नगरसेवक भेटतील तेव्हा एवढं जरूर विचारा : आपल्या गावाचा आराखडा कुठवर आला? आणि तो हरकतींसाठी खुला झाला की घरात बसू नका. नकाशा पाहा, आणि आपलं म्हणणं लेखी द्या.